नवीन ३५० सीसी गाडी, रनिंग इनमध्येच (नवीन इंजिन जपून चालवायचा सुरुवातीचा काळ) पुणे-गणपतीपुळे, पहिली सर्व्हिस कधी करू?

मंडळी मदत हवी आहे. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० घेऊन तीन आठवडे झाले, ३१० किमी झालेत, आणि येत्या शनिवारी गणपतीपुळ्याला जायचंय, कराडवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, जाऊन येऊन ७०० च्या आसपास. तारीख बदलता येत नाही, मागे बायको आणि एक सॅडल बॅग असेल. पहिली सर्व्हिस ५०० किमीला आहे म्हणजे ती नेमकी वाटेतच येते. मॅन्युअल वाचलं, शोरूमला विचारलं तर एक जण म्हणतो आत्ताच करून घ्या, दुसरा म्हणतो आल्यावर आणा काही होत नाही. ऑइलच्या काचेतून बघितलं तर लेव्हल बरोबर आहे पण रंग चांगलाच काळपट झालाय.

हायवेला एकाच स्पीडवर धरून ठेवणार नाही, दर तासाला थांबणार, एवढं ठरलंय. खरी काळजी येतानाच्या चढाची वाटते, डबल सीट आणि इंजिन अजून मोकळं झालेलं नाही.

तर ३५० किमीलाच ऑइल-फिल्टर बदलून निघू, की रत्नागिरीत ५०० ची सर्व्हिस करून घेऊ? दुसऱ्या गावात केली तर फ्री सर्व्हिसचं कूपन आणि वॉरंटी चालते का? आणि कुंभार्ली चढताना डबल सीट कुठल्या गिअरला ठेवता?