गाडी सकाळी लवकर उचलत नाही? बिघाड कशावरून कळला ते सांगा

आमची दहा वर्षांची पेट्रोल गाडी दिवाळीपासून सकाळी सुरू व्हायला वेळ घेऊ लागली. आधी बॅटरी बदलली, मग प्लग बदलले, फरक काहीच नाही. शेवटी एका जुन्या मेकॅनिकने बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, "सेल्फ कसा फिरतो? जड, की नेहमीसारखा?" खरं सांगते, माझं तिकडे लक्षच नव्हतं. सेल्फ मस्त फिरत होता, म्हणजे बॅटरीचा संबंधच नव्हता! त्यांनी मला चावी ऑन करून तीन सेकंद थांबायला सांगितलं. मागच्या सीटखालून पंपाची बारीक 'घूंऽ' ऐकू आली. बंद, परत ऑन, असं तीनदा केलं आणि सेल्फ मारला, तर गाडी चटकन उचलली. रात्रभरात लाइनमधलं पेट्रोलचं प्रेशर उतरत होतं. पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल टाकीत मागे जाऊ न देणारी झडप, गेला होता.

तुमचेही अनुभव लिहा. काय बदललं यापेक्षा कशावरून कळलं ते लिहा, दुसऱ्याच्या कामी येईल.

देवगडहून

आमचं उलट होतं. सेल्फच दमल्यासारखा फिरायचा, घर्र... घर्र... दोन वर्षांत दोन बॅटऱ्या घातल्या. उभ्या गाडीत मीटरवर १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. मग पुतण्याने मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी थेट इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरली आणि मला सेल्फ मारायला लावला. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको, दिसले जवळजवळ दोन. अर्थिंगची पट्टी (बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनच्या लोखंडाला जोडणारी तारांची वेणी) वरून धड होती. बोल्ट काढला तर खाली हिरवट-पांढरी बुरशी, आणि वेणीच्या तारा बोटाने चुरगळल्या की भुगा होत होत्या. खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी हे आधी बघा, बॅटरी नंतर. नवी पट्टी टाकली, बसायची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, वर ग्रीस. ती दुसरी बॅटरी आजही चालते आहे, आणि पहिली उगाच भंगारात दिली याचं अजून वाईट वाटतं.

निफाडहून

डिझेल गाडी. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहावर येतो. दुपारी एका सेल्फात सुरू, पहाटे मात्र पाच-सहा वेळा मारावा लागायचा. सुरू झाली की पांढरा धूर आणि इंजिन थडथडायचं. फक्त गार इंजिनलाच त्रास, म्हणून हिटर प्लगवर (गार डिझेल इंजिन सुरू करताना आतून तापवणारे प्लग) संशय घेतला. प्लगची वायर काढली, टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावली आणि टोक प्लगला टेकवलं. चारपैकी दोनच प्लगवर दिवा लागला. चारही बदलले. जुने प्लग हळूहळू, आधी तेल मुरवून काढावेत. आत तुटला तर हेड उतरवायची वेळ येते.

पुण्याहून

सीएनजी. आमची गाडी सुरू पेट्रोलवर होते आणि मग गॅसवर जाते. टाकीत तेच जुनं दोन-तीन लिटर सहा महिने पडून होतं. ताजं दहा लिटर भरलं, आठवड्यात फरक पडला. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच गार राहतो, म्हणून आता कधीच रिझर्व्हवर ठेवत नाही.

पाचगणीहून

जुनी डिझेल जीप. सपाटीवर ठीक, पण उतारावर तोंड वर करून रात्रभर लावली की सकाळी हैराण करायची. फिल्टरवरचा हातपंप दहा-पंधरा वेळा दाबला की लगेच सुरू, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये कुठूनतरी हवा शिरतेय. टाकी ते फिल्टर मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, तर त्यातून बुडबुडे जाताना दिसले. डिझेल कुठेच गळत नव्हतं, म्हणून कुणाला शंका आली नव्हती. फिल्टरच्या अलीकडचा रबरी पाइप क्लिपखाली चिरला होता. नवा पाइप आणि दोन क्लिपा, एवढ्यात काम झालं. देवगडकर, तुमची अर्थिंगची चाचणी आज माझ्या ट्रॅक्टरवर करून बघतो.