लहान गावातल्या खुनाची मराठी कादंबरी सुचवा (मदत हवी आहे)

ठाण्यात आमचा सहा जणींचा वाचनगट आहे. पुढच्या महिन्याला 'लहान गावातला खून' हा विषय ठरलाय आणि पुस्तक निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल, म्हणजे खुनाचा छडा लावणारी खेड्यातली आजीबाई, सगळ्यांची वाचून झालीय. ती विणकाम करत बसते आणि १९३० च्या पहिल्या कादंबरीपासून संशयितांना आपल्या सेंट मेरी मीड गावातल्या कुणाशी तरी ताडून बघते. आम्हाला भावतं ते हेच. रक्तपात नको, चौकशा हव्यात. दूधवाल्याकडून कुणी अर्धा लिटर कमी घेतलं तरी गावाला कळतं, आणि खून मात्र कुणालाच दिसत नाही!

मराठीत बघितलं. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि सुहास शिरवळकरांचा फिरोज इराणी हे रहस्यकथांचे नायक, पण दोघेही शहरी. नारायण धारपांच्या भयकथांत जुने वाडे भरपूर, पण तिथे संशय भुतावर जातो. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराचे अनुवाद छान आहेत, पण तो कोलकात्याहून येणारा पाहुणा.

मूळ मराठीच हवं, अनुवाद नको. छापील आणि आज मिळणारं, शक्यतो अडीचशे पानांच्या आत. दोघी जणी मोबाईलवर वाचत नाहीत. कथासंग्रहही चालेल. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात मिळणारं असेल तर सोन्याहून पिवळं.

कोकण, देश, विदर्भ, गाव कुठलंही असो. पण खुनाचा छडा गावातल्याच एखाद्या मास्तराने, पोस्टमनने नाहीतर आजीबाईने लावलाय, असं मराठी पुस्तक तुम्ही वाचलंय का?