जिप्सम पार्टिशनमधून फळी उपटून आली, परत कशी लावायची?

कोपरा_फळी
पुण्यातल्या फ्लॅटमध्ये दोन खोल्यांमध्ये जिप्सम बोर्डचं पार्टिशन आहे. दोन्ही बाजूंना 12.5 मिमीचा एकेक बोर्ड, आत पत्र्याचे स्टड (उभे आधार). पुस्तकांची फळी (90 सेंमी लांब, 20 सेंमी रुंद) साध्या रावल प्लगवर (स्क्रूसाठी भिंतीत ठोकायची खुंटी) लावलेली होती. वरचे दोन्ही प्लग निघून आले. एकीकडे तळहाताएवढं भगदाड पडलंय, दुसरीकडे बोर्ड दबून कागद फाटलाय. वॉल पुट्टी भरून जाडा प्लग ठोकला तर चालेल का?

सुतारपक्षी
नाही चालणार. प्लग फुगून विटेला आवळतो. जिप्समचा गाभा ठिसूळ असतो, प्लग फुगला की त्याचा भुगा होतो आणि सगळा भार कागदावर येतो. जाडा प्लग म्हणजे जास्त भुगा.

भगदाडाच्या कडा लिंपत बसू नका. गुण्या लावून चांगल्या बोर्डापर्यंत चौकोन आखा आणि तेवढा तुकडा कापून काढा. आत वायरचा पाइप असू शकतो, म्हणून मेन स्विच बंद ठेवा आणि पातं उथळ चालवा. 12 मिमी प्लायच्या 5 सेंमी रुंद दोन पट्ट्या घ्या, चौकोनाच्या उंचीपेक्षा 10 सेंमी जास्त लांब. त्या तिरप्या करून आत सरकवा. पट्टीच्या मध्यावर एक स्क्रू अर्धवट पिळून ठेवला की तो धरून पट्टी बोर्डाला घट्ट ओढता येते. बाहेरून 25 मिमीचे ड्रायवॉल स्क्रू मारा, मग त्याच जाडीचा तुकडा बसवा, चारी बाजूंनी 2 मिमी फट ठेवून. स्क्रूचं डोकं कागदात किंचित दबलं पाहिजे. कागद फाटला तर तो स्क्रू धरत नाही, शेजारी दुसरा मारा.

सांध्यावर फायबर टेप आणि जॉइंटिंग कंपाऊंड. तीन पातळ हात, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद: 10, 20, 30 सेंमी. आधीचा हात पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा नको. सिमेंटची वॉल पुट्टी सांध्यावर वापरू नका, केसासारख्या भेगा पडतात. शेवटी 180 नंबरचा पॉलिश पेपर आणि प्रायमर. प्रायमर टाळला तर रंगातून ठिगळ दिसतं.

दबलेल्या जागी सुटा कागद ब्लेडने कापा आणि उघड्या भागाला आधी प्रायमर द्या. ओलं कंपाऊंड थेट लावलं तर कागदाला फुगे येतात.

ओळंबा
ठिगळावर फळीचा भार टाकू नका, भार स्टडवर गेला पाहिजे. बारीक चुंबक दोऱ्याला बांधून भिंतीवरून आडवा फिरवा. स्क्रूच्या डोक्यांशी तो ओढला जातो, ती उभी ओळ म्हणजे स्टड. अंतर बहुधा 60 सेंमी, कधी 40. फळी थोडी सरकवली तर 90 सेंमीत दोन स्टड मिळतात.

ब्रॅकेटची उंची बघा, लोक नेमकं तेच विसरतात. फळीभर पुस्तकं म्हणजे साधारण 20 किलो, त्यांचा भार भिंतीपासून 10 सेंमीवर. वरच्या-खालच्या स्क्रूत 15 सेंमी अंतर असेल तर वरच्या स्क्रूंवर मिळून 13 किलोची ओढ येते, 7 सेंमी असेल तर 29 किलोची. उंच ब्रॅकेटच घ्या.

स्टड नाही तिथे पंखवाला टॉगल बोल्ट. तो बोर्डामागे उघडतो, म्हणून ओढ मोठ्या भागावर पसरते. पाकिटावरच्या मापाचंच भोक पाडा आणि बोल्ट एकदा बसल्यावर पूर्ण काढू नका, पंख आत पडतो.

कोपरा_फळी
चुंबकाने एक स्टड सापडला, भगदाडाच्या कडेपासून 4 सेंमीवर. चौकोन तिथपर्यंत वाढवू का?

सुतारपक्षी
हो, स्टडच्या मध्यापर्यंत. त्या बाजूला प्लाय नको. तुकडा थेट स्टडवर बसवा आणि जुन्या बोर्डाची कडही तिथेच स्क्रूने पकडा. ब्रॅकेट मात्र त्या सांध्यावर येऊ देऊ नका, त्याच स्टडवर ठिगळाच्या वर किंवा खाली अखंड बोर्डावर लावा.