मदत हवी आहे: तक्ते-आलेखांचे प्रश्न घरी सुटतात, मॉकमध्ये घोडं अडतं

नमस्कार मंडळी,

बँक अधिकारी पदाच्या परीक्षेची तयारी करतेय. पाढे पाठ आहेत, टक्केवारी येते. तरी डीआय, म्हणजे डेटा इंटरप्रिटेशन (तक्ते-आलेख वाचून सोडवायचे प्रश्न), समोर आलं की गाडी अडलीच. घड्याळ न लावता बसले की पाचपैकी पाच बरोबर. मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, ११ मिनिटं, तीन प्रश्न, त्यातला एक चूक. चुकीच्या उत्तराचा पाव गुण जातो ते वेगळंच.

परवाच्या मॉकमधली दोन उदाहरणं देते, म्हणजे नेमकं कळेल.

तक्ता होता पाच कारखान्यांचा, पाच वर्षांचा, उत्पादन हजार नगांत. तिसऱ्या कारखान्याची ओळ: २४०, २७६, २५३, ३१९, ३४८. प्रश्न: आधीच्या वर्षाच्या तुलनेत सर्वाधिक टक्के वाढ कोणत्या वर्षी? मी चारही भागाकार दोन दशांश स्थळांपर्यंत केले. १५ टक्के वाढ, ८.३३ टक्के घट, मग २६.०९ आणि ९.०९ टक्के वाढ. उत्तर चौथं वर्ष, बरोबर आलं. पण २ मिनिटं १० सेकंद गेले.

दुसरं उदाहरण दोन पाय चार्टचं, म्हणजे वर्तुळाच्या आलेखांचं. पहिल्या वर्षी एकूण विक्री ४५०० नग, एका वस्तूचा वाटा २० टक्के. दुसऱ्या वर्षी एकूण ५४००, वाटा १८ टक्के. त्या वस्तूची विक्री किती टक्क्यांनी बदलली? मी वीसाचे अठरा झाले म्हणून बिनधास्त '१० टक्के घट'वर टिक केली. असली चूक घरी कधीच होत नाही हो.

जाणकारांनी कृपया सांगावं, नेमकं कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
उत्तर देण्याआधी एक विचारतो. पहिला प्रश्न वाचायच्या आधी कच्च्या कागदावर काय काय लिहिलं होतं? कागद असेल तर बघून सांगा, आठवून नको.

धागाकर्ती
कागद सापडला. लाज वाटतेय. पाचही ओळींच्या बेरजा आणि पाचही स्तंभांच्या बेरजा. 'आधी डेटा पूर्ण समजून घ्या' असं क्लासमध्ये सांगितलं होतं.

प्रतिसाद १
दहा बेरजा! त्यातल्या पाच प्रश्नांना किती लागल्या?

धागाकर्ती
आत्ता तपासलं. दोन.

प्रतिसाद १
मग दुखणं सापडलं. डेटा समजून घेणं म्हणजे शीर्षक, एकक, ओळी कशाच्या, स्तंभ कशाचे आणि खाली बारीक अक्षरात टीप आहे का, एवढंच. अर्धं मिनिट पुरतं. आकड्यांना हात प्रश्न वाचल्यावरच लावायचा.

आता तुमची ओळ. २५३चा पाव हिस्सा ६३ आणि थोडा. वाढ ६६ची, म्हणजे पावापेक्षा जास्त. २४०चा पाव ६०, वाढ ३६च. ३१९चा पाव ८०च्या आसपास, वाढ २९. एका वर्षी तर घटच आहे. झालं उत्तर, भागाकार एकही नाही. प्रश्नात 'कोणत्या वर्षी' विचारलंय, 'किती टक्के' नाही.

पाय चार्टची चूक घाईची आहे, गणिताची नाही. वाटा हा कशाचा तरी वाटा असतो. ४५००चे २० टक्के म्हणजे ९००, ५४००चे १८ टक्के म्हणजे ९७२. वाटा घटला, विक्री ८ टक्क्यांनी वाढली. दोन वर्तुळं दिसली की त्यांच्या एकूण आकड्यांभोवती आधी पेन्सिलीने गोल करा. स्क्रीनवर परीक्षा असेल तर ते दोन आकडे कागदावर उतरवा. दहा बेरजांऐवजी हे दोन.

प्रतिसाद २
वरच्या प्रतिसादाला +१. माझी भर: पर्याय आधी बघा. ४८६२चे ३८.७ टक्के, पर्याय १४८०, १६९०, १८८०, २११०. पर्याय एवढे लांब लांब असताना गुणाकार कशाला? ४० टक्के म्हणजे १९४५, त्यातून सव्वा टक्का, साधारण ६०, वजा. १८८०वर टिक करा आणि पुढे चला. पर्याय १८७६ आणि १८८२ असते तर गोष्ट वेगळी, तेव्हा नीटच करावं लागतं.

अपूर्णांकांची तुलनाही अशीच. ४३७/६१२ मोठा की ५१९/७३१? अंश ८२ने वाढला, छेद ११९ने. ८२/११९ म्हणजे ०.६९च्या आसपास, पहिला अपूर्णांक ०.७१. जास्तीची भर मूळ प्रमाणापेक्षा कमी, म्हणून दुसरा लहान.

आणि १/२ ते १/२० यांची टक्केवारी पाठच करा. ३१९वर २९ दिसले की १/११, म्हणजे ९.०९ टक्के, हे तोंडातून आपोआप आलं पाहिजे.

प्रतिसाद ३
एवढं कशाला? स्क्रीनवर कॅलक्युलेटर असतो की.

प्रतिसाद २
तो कॅटला, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेला. धागा बँकेच्या परीक्षेचा आहे, तिथे नसतो. आणि कॅटवाल्यांनाही विचारा, त्या कॅलक्युलेटरवर माउसने एकेक अंक दाबत बसण्यापेक्षा तोंडी अंदाज लवकर होतो. (हलकेच घ्या.)

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. परवाचा सेट पुन्हा सोडवण्यात अर्थ नव्हता, उत्तरं पाठ झालीत. म्हणून आज घड्याळ लावून नवीन घेतला. बेरजा करायला हात शिवशिवत होते, पण आवरला. ७ मिनिटांत चार प्रश्न, चारही बरोबर. पाचवा सरासरीचा, तिथे मात्र मोठी बेरीज करावीच लागली आणि हातचा चुकला. सरासरीलाही काही सोय आहे का? की तो सोडूनच द्यायचा?

प्रतिसाद १
सोडू नका, सोपा आहे. तुमचीच जुनी ओळ घ्या. सरासरी २८०च्या आसपास असेल असं धरा. मग प्रत्येक आकडा २८०पासून किती दूर एवढंच मांडा: −४०, −४, −२७, +३९, +६८. यांची बेरीज करा, पाचाने भागा, २८०मध्ये मिळवा. सोडायचा तो प्रश्न ज्यात आधीच्या प्रश्नाचं उत्तर वापरावं लागतं आणि त्या उत्तराचीच तुम्हाला खात्री नसते. बाकी दीड मिनिटात रस्ता दिसला नाही की पुढे.

धागाकर्ती
३६ भागिले ५, ७.२. म्हणजे २८७.२. पूर्ण बेरीज करून पडताळलं, १४३६ येते, बरोबर. हातच्याची भानगडच नाही! दुसरा सेट घेतेय, यात दोन पाय चार्ट आहेत.