आरे-वारेचा उतार आणि टीटी बाइकचे शिफ्टर
रत्नागिरी-गणपतीपुळे रस्त्यासाठी टीटी (टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळाविरुद्धच्या शर्यतीच्या) बाइकचे शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचे खटके, एरोबारच्या (पुढे झुकून धरायच्या दांड्यांच्या) टोकाला ठेवावेत का, असं विचारलंत. सपाटीवर उत्तमच. पण आरे-वारेच्या उतारावर हात खाली बेसबारवर (मुख्य आडव्या हँडलवर), ब्रेकपाशी ठेवावे लागतात आणि शिफ्टर राहतात वर. डीआय-टूला (शिमानोच्या इलेक्ट्रॉनिक गिअरना) दोन्हीकडे बटणं घेता येतात. केबलवाल्यांनी उतार लागायच्या आधीच गिअर बदलून घ्यायचा, दुसरा इलाज नाही.

ब्रेक जड लागतोय म्हणालात, तो बहुतेक केबलमुळे. फ्रेमच्या आत ती आखूड वळणं घेत जाते, त्यात आपली खारी हवा! आतली तार स्टेनलेसची घाला, आउटर (तारेवरची नळी) पावसाळ्यानंतर बदलाच.

मान दुखत असेल तर एल्बो पॅडखाली (एरोबारवर कोपर टेकायच्या गादीखाली) स्पेसर घालून ते उंच करा. सीट किती पुढे घ्यायची, हा यूसीआयचा (जागतिक सायकलिंग संघटनेचा) नियम शर्यतीपुरता, तुम्हाला कशाला?