पाडव्यासाठी लवकर फुलणारे ट्यूलिप: दुसऱ्या वर्षी नुसतीच पाने आली, मार्गदर्शन हवे आहे

सर्वांना नमस्कार.

मी नेदरलँड्समध्ये, अ‍ॅमस्टरडॅमच्या दक्षिणेला लागून असलेल्या अ‍ॅम्स्टेलवेन येथे राहते. घरामागे लहानशी बाग आहे. हा भाग समुद्रसपाटीच्या खालच्या, पाणी उपसून कोरड्या ठेवलेल्या जमिनीचा असल्यामुळे माती काळी आणि चिकट आहे, आणि हिवाळ्यात हातभर खणले तरी खड्ड्यात पाणी झिरपू लागते. आमची गुढी याच बागेत उभी राहते. गुढीच्या पाटाशेजारी विकतचे नव्हे तर आपल्या हाताने लावलेले फूल असावे अशी माझी फार इच्छा आहे, आणि वसंताच्या आरंभी येथे जे काही उमलते त्यात लवकर फुलणाऱ्या ट्यूलिपइतके तेजस्वी दुसरे काही मला आढळलेले नाही.

सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस मी चार जातींचे प्रत्येकी पंधरा कंद लावले: पिवळ्या पाकळ्यांवर बाहेरून लाल पट्टा असलेला ‘स्ट्रेसा’, पांढरा ‘प्युरिसिमा’, फिकट जर्दाळू रंगाचा ‘अ‍ॅप्रिकॉट ब्युटी’ आणि भरगच्च पाकळ्यांचा पिवळा ‘मॉन्टे कार्लो’. खाली ओल लागत असल्यामुळे कंद जेमतेम आठ सेंटीमीटर खोल गेले. २०२४ चा फेब्रुवारी येथे विक्रमी उबदार ठरला आणि सगळा बहर अलीकडे आला. ९ एप्रिलला पाडवा होता, तेव्हा ‘स्ट्रेसा’ संपलेला होता आणि ‘प्युरिसिमा’च्या पाकळ्या गळू लागल्या होत्या, परंतु उरलेल्या दोन जाती ऐन भरात होत्या. त्या सकाळी गुढीपाशी ठेवलेला तांब्या त्या फुलांनी भरून गेला होता आणि तो आनंद मी विसरलेले नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला बाग नीटनेटकी दिसावी म्हणून मी हिरवी पाने मुळाशी कापली, त्याच जागी उन्हाळी फुलझाडे लावली आणि कोरड्या दिवसांत त्यांना पाणी दिले. यंदा ३० मार्चला पाडवा आला तेव्हा ‘स्ट्रेसा’ची सहा फुले आणि ‘प्युरिसिमा’च्या दोन कळ्या एवढेच हाती लागले. इतर दोन जातींच्या जागी एकेक रुंद पान वर आले आणि त्याच्या पोटात कळी नव्हती. याशिवाय तीन रोपे पिळवटलेली निघाली. त्यांच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी होत्या आणि दमट हवेत त्यांवर राखाडी बुरशी धरली.

कंद अजून जमिनीतच आहेत. फुले का आली नाहीत, आणि माझ्यासारख्या ओल्या जमिनीत कोणत्या जाती दरवर्षी परत येतील, हे मला समजून घ्यायचे आहे. माझी खरी अडचण मात्र पुढच्या वर्षीची आहे. २०२६ चा पाडवा १९ मार्चला आहे, म्हणजे दोन वर्षांत तो तीन आठवडे अलीकडे सरकला आहे. पाडवा चंद्राच्या गतीने येतो आणि ट्यूलिप मातीच्या उबेने, तेव्हा या दोघांची गाठ १९ मार्चला घालता येईल का? आज १० सप्टेंबर आहे, त्यामुळे तयारीला वेळ आहे असे वाटते.

प्रतिसाद १

ताई, सर्वांत आधी त्या तीन रोपांविषयी लिहितो, कारण आपल्या प्रश्नातील सर्वांत काळजीची गोष्ट तीच आहे. आपण केलेल्या वर्णनावरून हा बुरशीजन्य रोग दिसतो. डच शेतकरी त्याला ‘फ्यूर’, म्हणजे आग, असेच म्हणतात, कारण पाने आगीने होरपळल्यासारखी दिसतात. ही बुरशी मातीत आणि जुन्या कंदांवर टिकून राहते. सर्व कंद आताच खणून काढा. ज्यांच्या सालीवर मोहरीहून बारीक काळे दाणे दिसतील किंवा जे मऊ पडले असतील ते कचऱ्यात टाका, खताच्या ढिगात मुळीच नको. त्या वाफ्यात किमान तीन वर्षे ट्यूलिप लावू नका. सप्टेंबरमधील लागवड हेही एक कारण असू शकते, कारण माती तेव्हा उबदार असते आणि बुरशीला ती मानवते. डॅफोडिल सप्टेंबरमध्ये लावतात, ट्यूलिपला मात्र नोव्हेंबरची थंड माती चांगली.

आता फुलांविषयी. लावलेला कंद फुलून गेला की स्वतः संपतो आणि त्याच्या जागी लहानमोठी पिल्ले तयार होतात. पिल्लू पुरेसे मोठे झाले तरच त्याला फूल येते, नाहीतर एकच रुंद पान येते, जे आपण पाहिले. फूल गेल्यानंतरचे सुमारे सहा आठवडे पानांनी कंदाला पोसायचे असते, आणि नेमकी तीच पाने आपण कापली. येथील शेतकरी याच्या अगदी उलट वागतात. ते उमललेली फुले खुडून टाकतात आणि पाने ठेवतात, म्हणजे बी धरण्यात शक्ती खर्च होत नाही. एप्रिलअखेर हार्लेम आणि लायडन यांच्या दरम्यानच्या शेतांत बांधावर फुलांचे ढीग दिसतात ते यामुळेच. जून-जुलैत कंद उपसून, सुकवून, उबदार आणि हवेशीर कोठारात ठेवले जातात. पुढच्या वर्षीची कळी त्याच काळात कंदाच्या पोटात घडते. आपल्या वाफ्यात त्या दिवसांत पाणी पडत होते.

‘स्ट्रेसा’ ज्या कुळातला आहे त्या काउफमानियानाचे मूळ घर ताश्कंदच्या बाजूच्या तिआनशान पर्वताच्या उतारांवर आहे. तेथे हिवाळा कडक, वसंत ओला आणि उन्हाळा रखरखीत कोरडा असतो. म्हणून जमिनीपेक्षा वीसेक सेंटीमीटर उंच वाफा करून मातीत जाडी वाळू भरपूर मिसळा आणि कंद पंधरा सेंटीमीटर खोल लावा, म्हणजे तो पाण्याच्या वर राहील. त्यात ‘स्ट्रेसा’, केशरी ‘अर्ली हार्वेस्ट’ आणि तुर्कस्तानिका ही रानटी जात लावल्यास त्या बऱ्याच वर्षे परत येतील. ‘अ‍ॅप्रिकॉट ब्युटी’ आणि ‘मॉन्टे कार्लो’ यांना मात्र मी एका वर्षाचे पाहुणे समजतो आणि दर शरदात नवे कंद आणतो.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. १९ मार्चसाठी मात्र वाफ्यावर विसंबू नये असे मला वाटते. मार्चमध्ये एक थंड आठवडा आला तरी ‘स्ट्रेसा’ पाडव्यानंतर उमलेल. कुंडीत ही तारीख बऱ्यापैकी साधता येते, आणि परत न येणाऱ्या आपल्या त्या दोन जाती कुंडीत फुलवण्यासाठी उत्तम आहेत.

तारखेपासून मागे मोजा. घरात आणल्यावर फूल यायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून कुंड्या २६ फेब्रुवारीच्या सुमारास आत याव्यात. त्याआधी कंदांना सोळा आठवड्यांची थंडी मिळावी, म्हणजे ६ नोव्हेंबरपर्यंत लागवड व्हायला हवी. कंद एकमेकांना जवळजवळ टेकतील इतके दाट लावा आणि प्रत्येकाची चपटी बाजू कुंडीच्या काठाकडे करा, म्हणजे पहिले मोठे पान बाहेर झुकते आणि कुंडी भरलेली दिसते. कुंड्या उत्तरेच्या भिंतीलगत ठेवा, माती ओलसर राहू द्या, आणि कडाक्याच्या थंडीत त्यांना जुन्या पोत्यात गुंडाळा. आत आणल्यावर पहिला आठवडा पंधरा अंशांच्या आसपास, उजेडाच्या पण गार खोलीत ठेवा. थेट तापवलेल्या दिवाणखान्यात ठेवल्यास कळी आतच सुकते. सफरचंदांची टोपली जवळ नसावी, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा वायू कळी मारतो.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. पाने कापण्याचा परिणाम इतका दूरवर जातो हे मला ठाऊक नव्हते. जुने कंद या शनिवारी काढते. ‘स्ट्रेसा’चे जे निरोगी निघतील ते कागदी पिशवीत कोरडे ठेवून नोव्हेंबरमध्ये नव्या उंच वाफ्यात लावीन. कुंड्यांबाबत एकच शंका उरली आहे: सर्व कुंड्या एकाच दिवशी आत आणाव्यात का?

प्रतिसाद २

नाही, ताई. तीन कुंड्या करा आणि १९ फेब्रुवारी, २६ फेब्रुवारी व ३ मार्च अशा अंतराने आत आणा. एखादी कुंडी घाई करू लागली तर तिला पुन्हा बाहेरच्या गारव्यात ठेवा, उमलणे काही दिवस लांबते. फुले तोडू नका, कारण ट्यूलिपचा देठ तोडल्यावरही वाढत राहतो आणि तांब्यात वाकतो. कुंडीच पाटाशेजारी ठेवा.