होरायझन फॉरबिडन वेस्ट: खेळात खोट नाही, तरी ओढ का आटली?

धागालेखक

अ‍ॅमस्टरडॅमच्या गेरिला स्टुडिओचा ‘होरायझन झिरो डॉन’ (२०१७) हा व्हिडिओ गेम मी दोनदा पूर्ण केला होता. त्याचा पुढचा भाग ‘फॉरबिडन वेस्ट’ (२०२२) मात्र तीसेक तासांनंतर बाजूला ठेवला, तो पुन्हा उघडावासा वाटला नाही. त्यात तांत्रिक उणीव आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. पाण्याखालचे जग, चेहऱ्यांवरचे बारीक भाव, गवतावरून सरकणारी वाऱ्याची लाट, यांत बोट ठेवायला जागा नाही.

पहिल्या भागात टोळीने वाळीत टाकलेली एलॉय आपली आई कोण हे शोधत निघते आणि तिच्या मागोमाग आपणही एका मोठ्या प्रश्नापाशी पोचतो: ही यांत्रिक जनावरे कुठून आली आणि जुनी माणसे गेली कुठे? सांगायला कोणी उरलेले नव्हते. टेड फॅरोच्या यंत्रांनी सजीव सृष्टी गिळली आणि एलिझाबेट सोबेकने ती पुन्हा उभी राहावी म्हणून ‘गाया’ ही कृत्रिम बुद्धिमत्ता घडवली, हे पडक्या तळघरांतल्या ध्वनिमुद्रणांतून तुकड्यातुकड्यांनी उमगत जाते. दुसऱ्या भागात सुमारे हजार वर्षे मरण चुकवत आलेली ‘फार झेनिथ’ ही धनाढ्य मंडळी अंतराळातून येऊन प्रत्यक्ष समोर उभी राहतात. जो भूतकाळ मेलेला होता म्हणून त्याच्याकडे कान लावून बसावेसे वाटे, तोच चालताबोलता होऊन आला आणि माझे कुतूहल विझले. मग उरली ती कामांची यादी: ईथर, पोसायडन आणि डिमीटर हे ‘गाया’चे विखुरलेले घटक परत मिळवा, क्रम तुमच्या मर्जीचा. शिवाय एखाद्या कोड्यासमोर क्षणभर थांबावे, तर एलॉय स्वतःशी पुटपुटत त्याची उकल सांगून मोकळी होते.

प्रतिसाद १ (असहमत)

फार झेनिथ हे कथेचे कच्चे अंग आहे, हे मान्य. परंतु तेवढ्यावरून संपूर्ण खेळाचा निकाल लावणे मला पटत नाही, कारण हा खेळ मुळात शिकारीचा आहे. थंडरजॉ या डायनोसॉरसारख्या यंत्राच्या पाठीवरचे चकती फेकणारे यंत्र बाणाने उखडायचे आणि तेच उचलून त्याच्यावर चालवायचे, ही गंमत पहिल्या भागातही होती. पण हत्तीसारखा ट्रेमरटस्क किंवा सापासारखा स्लिदरफँग समोर आला की कोणता अवयव आधी तोडायचा, याचा जो विचार करावा लागतो, तो दुसऱ्या भागात कितीतरी पुढे गेलेला आहे. वाळवंटाखाली बुडालेल्या लास वेगासमध्ये मोरलंड आणि त्याच्या साथीदारांसाठी ते जुने दिवे पुन्हा लागतात, तो प्रसंग आपण पाहिला का? ‘आयोटा’ कॉल्ड्रनमधून, म्हणजे यंत्रे घडवणाऱ्या भूमिगत कारखान्यातून, टॉलनेक या जिराफासारख्या उंच यंत्रावर बसून बाहेर पडण्यासारखे दृश्यही पहिल्या भागात नव्हते. नकाशावरच्या खुणांचा जाच होत असेल तर त्या कमी करणारी ‘एक्सप्लोरर’ पद्धत निवडता येते. ती न वापरताच खेळ बोट धरून चालवतो अशी तक्रार करणे न्याय्य नाही.

प्रतिसाद २

माझा उत्साह कथेमुळे नव्हे, कामठ्यांमुळे गेला. प्रत्येक चांगले धनुष्य सुधारायला ठरावीक यंत्राचे ठरावीक सुटे भाग लागतात, त्यांतले काही यंत्र मरण्याआधी तोडले नाहीत तर हाती येत नाहीत, आणि वरच्या दर्जाच्या शस्त्रांसाठी ‘अ‍ॅपेक्स’ या अधिक बलवान जातीची यंत्रे हुडकत फिरावे लागते. एकाच जागी चौथ्यांदा तेच जनावर मारताना मला खेळाडूपेक्षा भंगारवाल्यासारखे वाटू लागले (भंगारवाल्यांनी राग मानू नये, त्यांना निदान रोकड मिळते). त्यात ‘फॉरबिडन वेस्ट’ आला १८ फेब्रुवारी २०२२ ला आणि ‘एल्डन रिंग’ हा दुसरा खेळ २५ फेब्रुवारीला. काय शोधायचे हे तो खेळ सांगतच नव्हता, त्यामुळे मी तिकडे गेलो तो गेलोच.

प्रतिसाद १ यांचे उत्तर

ही अडचण सोडवता येण्याजोगी आहे. काठिण्यपातळीत ‘कस्टम’ निवडून ‘इझी लूट’ सुरू करा, म्हणजे न तोडलेले भागही मेलेल्या यंत्रातून मिळतात. ‘एल्डन रिंग’शी तुलना मला अप्रस्तुत वाटते, मोघमपणा हाच त्या खेळाचा गाभा आहे, तर येथे पात्रे आणि संवाद मध्यवर्ती आहेत. इतकी बोलकी पात्रे असलेल्या खेळाने गप्प राहावे अशी अपेक्षा कशी करता येईल?

धागालेखक

वेगासचा प्रसंग मी पाहिला आहे आणि तो मलाही आवडला. किंबहुना तिथे क्षणभर पहिल्या भागाची आठवण झाली, कारण ते दिवे कोणी लावले होते आणि कोणासाठी, हे विचारायला कोणी जिवंत समोर उभे नव्हते. पण ‘इझी लूट’चा आपला सल्ला आपल्याच पहिल्या मुद्द्याला छेद देतो. कोणता अवयव आधी तोडायचा, यात शिकारीची सारी गोडी असेल आणि तो न तोडताही हाती येणार असेल, तर बाण तिथेच का मारायचा?